फूटबोर्डाची कुळकथा

वाहन आणि मनुष्य यांच्यामधले उंचीचे अंतर मिटविण्याचे मार्ग मुळात दोनच आहेत: वाहनाने खाली यावे किंवा मनुष्याने वर चढावे. पालखी अथवा मेणा भोयांनी खांद्यावरून उतरवून जमिनीस टेकविला म्हणजे आत बसणाऱ्याला पाऊल उचलण्याचेसुद्धा श्रम पडत नसत. उंट हुकमासरशी गुडघे मोडून बसे. हत्तीला माहूत बसवी, आणि तरीही अंबारी उंच राहिली तर तिला शिडी लावण्याचा बंदोबस्त सरंजामात असेच. चाकांच्या गाडीला मात्र असे बसता येत नाही. चाक जितके मोठे तितके ते खड्ड्यातून आणि चिखलातून सहज निघते. परंतु चाक मोठे झाले की आस वर जातो, आसाबरोबर तळ वर जातो, आणि रस्ता जितका वाईट तितके गाडीत चढणे अवघड, असा एक विचित्र हिशेब जुळून येतो. या हिशेबातील तूट भरून काढण्यासाठी जी एक आडवी फळी गाडीच्या अंगाला जडविली गेली, तिचा हा वृत्तांत आहे. आज पिकअप ट्रक घेणारा गृहस्थ दुकानात उभा राहून रुंद फूटबोर्ड घ्यावा, नळीची पायरी घ्यावी की विजेने बाहेर येणारी घ्यावी याचा खल करीत असतो, तेव्हा तो नकळत याच जुन्या हिशेबात हात घालीत असतो. आणि तो हिशेब ठाऊक असल्यास निवड पुष्कळ सोपी होते.

युरोपातील सतराव्या-अठराव्या शतकांतील बग्ग्यांची पेटी चामड्याच्या पट्ट्यांवर आणि पुढे पोलादी कमानींवर टांगलेली असे. धक्के कमी बसावेत म्हणून केलेल्या या योजनेमुळे दाराचा उंबरठा जमिनीपासून बराच वर जाई. म्हणून घडीच्या पायऱ्या दाराशी दुमडून ठेवीत आणि मुक्कामाला पोचल्यावर मागच्या फळीवर उभा असलेला चाकर खाली उडी मारून त्या उलगडी. पायरी उलगडण्यास चाकर असणे हे धन्याच्या इभ्रतीचे लक्षण होते, आणि तो नसणाऱ्याने बग्गी बाळगूच नये असा जणू शिरस्ता होता. १८३८ साली लॉर्ड ब्रूम यांनी स्वतःसाठी जी लहान बंद गाडी बांधवून घेतली, तिचा उंबरठा मात्र आत शिरणे सुलभ व्हावे म्हणून मुद्दाम खाली आणलेला होता, आणि पुढे त्या गाडीला त्यांचेच नाव पडले. मुंबईच्या रस्त्यांवर भाड्याने फिरणाऱ्या व्हिक्टोरियाचीही तीच तऱ्हा: तळ खाली आणि बाजूला कायमचे जडविलेले लोखंडी पायदान, कारण भाड्याच्या गाडीत बसणाऱ्यापाशी पायरी उलगडणारा चाकर कोठून असणार?

मोटार आली तेव्हा हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. इंजिन, गिअर आणि मागच्या आसाकडे जाणारा दांडा हे सर्व ज्या पोलादी सांगाड्यावर बसवायचे, तो सांगाडा अरुंद ठेवणे भाग होते, कारण वळणावर पुढची चाके त्याला घासता कामा नयेत. सांगाडा अरुंद म्हणून त्यावरची पेटी अरुंद, आणि चाके मात्र पेटीच्या बाहेर. चाकांवर चिखल अडविण्यासाठी जे वाकविलेले पत्रे लावले, त्यांतील पुढचा आणि मागचा यांच्यामध्ये पेटीच्या बाजूने एक लांबलचक पोकळी राहू लागली. ती भरण्यासाठी लोखंडी आधारांवर एक फळी टाकली गेली आणि तिची दोन टोके दोन्ही चिखलपत्र्यांना जोडली गेली. म्हणजे मोटारीचा फूटबोर्ड केवळ चढण्याच्या सोयीसाठी जन्मास आला असे म्हणणे अपुरे ठरेल. गाडीच्या रचनेतच जी मोकळी जागा शिल्लक उरली होती, तिच्यावर त्याची आपोआप वहिवाट पडली.

१ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आलेली फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटार या दृष्टीने जवळून पाहण्यासारखी आहे. तीस इंच व्यासाचे टायर, शेतवाडीच्या कच्च्या रस्त्यांसाठी राखलेली उंच बांधणी आणि दोन्ही बाजूंना दाबून उठाव आणलेल्या पोलादी पत्र्याचे फूटबोर्ड. आरंभीच्या काही वर्षांत या गाडीचे पुढचे दिवे गॅसचे असत. त्यांसाठी पितळी भांड्यात कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पाडून गॅस तयार करावा लागे, आणि ते भांडे ठेवलेले असे फूटबोर्डावर. अमेरिकेत तयार होणाऱ्या खुल्या टूरिंग गाडीला १९१२ नंतर कित्येक वर्षे चालकाच्या बाजूस पुढे खरे दारच नव्हते. पत्र्यावर दाराची नुसती आकृती उमटविलेली असे, आणि चालक उजव्या बाजूने आत सरकत जाऊन आपल्या जागी बसे. साहजिकच डाव्या फूटबोर्डावर चढण्या-उतरण्याची वर्दळ कमी, आणि म्हणून अवजारांची पेटी, जादा टायर, पेट्रोलचे डबे, प्रवासाची वळकटी असा सर्व जामानिमा तेथे बांधण्याची मुभा होती. सरकवून लहानमोठे करता येणारे जाळीचे कठडे फूटबोर्डाला आवळून त्यात सामान रचण्याची पद्धतही तेव्हाचीच. चढणे, चिखल अडविणे आणि सामान ठेवणे अशी तीन कर्तव्ये ही एक फळी बिनतक्रार पार पाडीत होती.

चौथे काम तिला कोणी नेमून दिले नव्हते, ते लोकांनीच तिच्यावर लादले: त्यावर उभे राहून जाणे. चालत्या मोटारीच्या बाहेर, दाराच्या चौकटीला धरून उभा असलेला मनुष्य हे १९२०–४० या काळातील अमेरिकेचे एक ओळखीचे दृश्य आहे. पोलीस असे उभे राहत, आणि दरोडेखोरांनी तर ह्या सोयीचा अमानुष उपयोग केला. मार्च १९३४ मध्ये आयोवा संस्थानातील मेसन सिटी येथील बँक लुटून पळताना जॉन डिलिंजर याच्या टोळीने ओलीस धरलेल्या माणसांना फूटबोर्डांवर उभे केले, जेणेकरून मागून गोळी झाडण्यास पोलिसांचा हात धजू नये. याच्या अगदी उलट टोकाला, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी १९३९ साली बांधलेल्या लिंकन मोटारीला मुद्दाम रुंद फूटबोर्ड आणि धरण्यासाठी मुठी बसविल्या होत्या, कारण तेथे शरीररक्षकांनी उभे राहावयाचे होते. एकाच फळीवर एके ठिकाणी मनुष्याची ढाल झाली आणि दुसऱ्या ठिकाणी मनुष्याने आपण होऊन ढाल होण्याची नोकरी पत्करली.

आपल्याकडे हा प्रकार इतक्या नाट्यमय रीतीने आला नाही, परंतु तो आला खचित. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला, आणि परदेशी सांगाड्यांवर देशी कारागिरांनी बांधलेल्या पेट्या घेऊन ज्या खाजगी सर्व्हिस मोटारी देशावर आणि कोकणात धावू लागल्या, त्यांच्या बाजूच्या पायरीवर उभा राहून गिऱ्हाईक हाकारणारा, घाटाच्या चढावर उतरून चाकाखाली दगड लावणारा आणि गाडी सुटताच पुन्हा पायरी गाठणारा क्लीनर हा त्या काळच्या प्रवासाचा अविभाज्य भाग होता. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि हळूहळू प्रवासी वाहतुकीला शिस्त लागली. तरी मालमोटारीवरचा क्लीनर आपल्या पायरीवर टिकून राहिला. अरुंद गल्लीत ट्रक मागे घेताना डाव्या पायरीवर एक पाय रोवून, आरशाच्या दांडीला धरून, मान मागे वळवून तो ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असतो, आणि त्याच्या तळहाताची थाप पत्र्यावर पडताच चालक ब्रेक दाबतो. पश्चिम महाराष्ट्रातील वडापच्या जीपगाड्यांनी तर मागच्या पायरीला बाकड्याचाच दर्जा दिला. कायद्याचे म्हणणे अर्थात निराळे आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे १२३ वे कलम फूटबोर्डावर, टपावर किंवा बॉनेटवर बसून-उभे राहून प्रवास करण्यास स्पष्ट मनाई करते आणि तसे होऊ देणाऱ्या चालकालाही जबाबदार धरते. ज्या गोष्टीची सर्रास वहिवाट पडलेली असते तिच्याच मनाईसाठी सरकारला स्वतंत्र कलम खर्ची घालावे लागते.

मनाईपूर्वीच, किंबहुना मनाईशी काही संबंध नसताना, मोटारीचा फूटबोर्ड नाहीसा होऊ लागला होता. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कॉर्ड ८१० ही मोटार लोकांपुढे आली. गॉर्डन ब्यूरिग यांनी घडविलेल्या या गाडीत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना दिलेली असल्यामुळे मागच्या आसाकडे जाणारा दांडा तळाखालून न्यावा लागत नव्हता. तळ त्यामुळे इतका खाली आला की फूटबोर्डाचे प्रयोजनच उरले नाही. १९३८ च्या कॅडिलॅक सिक्स्टी स्पेशलमध्ये तरुण बिल मिचेल यांनी तेच वेगळ्या मार्गाने साधले. एकदा पेटी चाकांच्या ओळीपर्यंत रुंद करता येते हे कळल्यावर, जी जागा बाहेर फळीला दिली होती ती आत आसनाला मिळू लागली आणि तिघांना मांडीला मांडी न लागता बसता येऊ लागले. कारखानदाराच्या दृष्टीने हा व्यवहार सरळ नफ्याचा होता. चाळिशीच्या आरंभी कित्येक गाड्यांचे फूटबोर्ड दाराच्या फुगवट्याखाली लपले आणि दशक संपेपर्यंत बहुतेक गाड्यांतून पुरते गेले. १९४८ च्या हडसन मोटारीत तर तळ सांगाड्याच्या दांड्यांमध्ये खाली बसविल्यामुळे प्रवाशाला गाडीत चढण्याऐवजी उतरावे लागे. आमच्या रस्त्यांवर पन्नाशीत रूढ झालेल्या फियाट आणि अँबॅसडर या गाड्यांनी फूटबोर्ड पाहिलाच नाही. फोक्सवॅगनची बीटल गाडी मात्र आपले सुटे चिखलपत्रे आणि त्यांना जोडणारी अरुंद फळी घेऊन २००३ पर्यंत, म्हणजे मेक्सिकोतील शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत, जुन्या घराण्याचा वारसा सांभाळीत राहिली.

पिकअप ट्रकाची कहाणी येथून वेगळी वाट घेते. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीच्या दोन आसनी गाडीमागे कारखान्यातच बसविलेला पोलादी हौदा देऊन ती २८१ डॉलरना विकावयास काढली. त्याआधी शेतकरी स्वतःच मागची पेटी काढून फळ्यांचा हौदा ठोकून घेत. या गाडीला फूटबोर्ड होता, आणि बैठी मोटार त्याला विसरली तरी ट्रकाने त्याला सोडले नाही. कारण कामाच्या गाडीत माणूस दिवसभरात पुष्कळ वेळा चढतो-उतरतो, आणि हौद्यातील पोते उचलण्यासाठी त्याला बाजूनेही उभे राहावे लागते. अमेरिकेत ज्याला स्टेपसाइड म्हणतात त्या जातीच्या ट्रकात हौदा अरुंद, मागचे चिखलपत्रे बाहेर, आणि केबिन व मागचे चाक यांच्यामध्ये एक आखूड पायरी असे. तिच्यावर पाय ठेवून शेतकरी हौद्याच्या मध्यापर्यंत हात पोचवी. परंतु दिखाऊपणाचे वारे येथेही पोचले. फोर्डने १९५७ मध्ये आणि शेव्हरोलेने १९५८ मध्ये केबिनइतकाच रुंद, सपाट अंगाचा हौदा सरसकट विकावयास आणला. त्याआधीच १९५५ च्या शेव्हरोले ट्रकात केबिनची पायरी दाराच्या आत दडविली गेली होती, आणि बर्फ-चिखल तिच्यावर साचत नाही ही त्या योजनेची जाहिरात होती. सपाट हौद्यात माल अधिक मावला. बाजूने हात घालण्याची सोय मात्र गेली.

याच सुमारास दुसरीकडे ट्रक उंच होऊ लागला होता. दुसऱ्या महायुद्धात नाव काढलेल्या चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांची मागणी शेतकरी, लाकूडतोडे आणि खाणवाले यांच्याकडून वाढली. डॉज कंपनीने पॉवर वॅगन १९४६ मध्येच नागरी बाजारात आणला होता, आणि फोर्डने १९५९ पासून असे ट्रक स्वतःच्या कारखान्यात करावयास घेतले. पुढच्या चाकांना शक्ती द्यायची म्हणजे पुढचा आस इंजिनाखालून न्यावयाचा, त्याला वरखाली होण्यास जागा सोडावयाची, आणि त्यासाठी इंजिनासकट सगळा सांगाडा वर उचलावयाचा. हे सर्व रानात काम करणाऱ्या धडधाकट माणसाला चालत होते. परंतु १९५७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने मागे बाकडे असलेल्या मोठ्या केबिनचा ट्रक काढला, पुढे इतरांनी चार दारांचे ट्रक केले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हे अवजार कुटुंबाची गाडी होऊन बसले. शाळेत जाणारी मुले, वाकलेली आजी, हातात पिशव्या घेतलेली गृहिणी या सर्वांना एका रानगाडीत चढावे लागू लागले. गाडी उंच राहिली आणि माणसे बदलली. तेव्हा हरवलेल्या फूटबोर्डाची आठवण व्हावी यात नवल ते काय? २००३ च्या लिंकन नॅव्हिगेटर गाडीत दार उघडताच विजेच्या मोटारीने बाहेर येणारी आणि दार मिटताच आत जाणारी पायरी आली, म्हणजे बग्गीच्या चाकराचे काम यंत्राने पत्करले.

मात्र परत आलेला फूटबोर्ड जुना नव्हता. जुना गाडीच्या किमतीत समाविष्ट होता; नवा बहुधा स्वतंत्र किमतीचा, पसंतीचा आणि म्हणून फसगतीचाही विषय झाला. बाजारात दिसणाऱ्या प्रकारांची जुन्या कर्तव्यांच्या कसोटीवर वाटणी केली तर गोंधळ बराच कमी होतो. रुंद, सपाट फूटबोर्ड पूर्ण पाऊल घेतो आणि चाकाने उडविलेला खडा व चिखल बऱ्याच अंशी अडवितो. परंतु गाडी पुरेशी उंच नसेल तर खाली उतरताना त्याची चिखलाने भरलेली कड पोटरीला घासते आणि पँट खराब करते. नळीची पायरी, जिला नर्फ बार म्हणतात, ती मूळची मातीच्या शर्यतीतील मोटारींची. तेथे दोन गाड्यांची चाके एकमेकांत अडकू नयेत म्हणून चाकांमध्ये नळ्या लावीत. चढण्याशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणून या नळीवर जे रबरी पट्टे चिकटविलेले असतात तेवढ्याच जागी पाय ठेवता येतो, आणि तो पट्टा आसनाच्या कडेखाली येतो की बिजागराकडे सरकलेला आहे हे दार उघडून, प्रत्यक्ष चढून पाहिल्याखेरीज कळत नाही. चढण्यापेक्षा उतरताना हे अधिक जाणवते. चढणाऱ्याला पायरी दिसते, पण पावसाळी रात्री पाठमोऱ्या उतरणाऱ्याला ती चाचपडून शोधावी लागते. तिसरा प्रकार खडकाळ रानात जाणाऱ्यांचा जाड पोलादी दांडा. तो सांगाड्यालाच बांधलेला असतो आणि गाडीचे ओझे पेलू शकतो. दिसायला साधी नळीही तशीच असते, म्हणून तिच्याखाली जॅक लावण्याचा मोह होतो, आणि मग नळी तर वाकतेच, वर दाराखालचा पत्राही चेपतो.

धातूचा विचार हवामानावर सोपवावा. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. तेथे पोलादी नळी आतून गंजते आणि बाहेरचा काळा रंग मात्र शेवटपर्यंत शाबूत दिसतो. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर हेच काम खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून करतात. ॲल्युमिनियमला तसा गंज चढत नाही, परंतु त्याचे आधार पोलादाचे असतील तर दोन धातू जेथे भिडतात तेथे खाऱ्या ओलीने झीज सुरू होते. तेव्हा पट्टीपेक्षा तिच्या खालचे आधार आणि बोल्ट वाकून पाहावेत. विजेवर चालणारी पायरी उंच गाडीत अत्यंत सोयीची, पण तिचे सांधे जमिनीलगत, नेमके चिखलाच्या वाटेत असतात. ज्याची गाडी रोज शेताच्या बांधावरून जाते त्याने ही हौस धुण्या-पुसण्याच्या खर्चासह हिशेबात धरावी. लांबीचा प्रश्न कामावरून सुटतो: केवळ केबिनमध्ये चढायचे असेल तर दारांइतकी पट्टी पुरे, आणि हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यातील सामान बाजूने काढायचे असेल तर चाकापासून चाकापर्यंतची घ्यावी. स्टेपसाइड ट्रकाची ती आखूड पायरी ज्या गरजेतून आली होती ती गरज अद्याप संपलेली नाही.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. फूटबोर्डाचे येणे-जाणे फॅशनने घडविले असे वरवर वाटते, परंतु प्रत्येक वेळी निर्णय तळाच्या उंचीने केला. तळ खाली आला, फूटबोर्ड गेला; तळ वर गेला, तो परतला. फरक एवढाच की पूर्वी उंची रस्त्याने ठरविली होती, आणि आज डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकाची उंची पुष्कळदा केवळ ऐटीने ठरते. तिची भरपाई करण्यासाठी लागणारी पायरी खरेदीदार वेगळे पैसे मोजून घेतो, म्हणजे ऐटीचा खर्च दोनदा होतो. म्हणून पायरीच्या दुकानात शिरण्याआधी गाडीच्याच उंचीचा विचार करावा, आणि त्या कामी घरातील सर्वांत अशक्त माणसाला सोबत न्यावे. त्याला आधाराशिवाय चढता आले तर पायरीची आवश्यकता फारशी नाही. त्याला एका पायरीने चढता आले तर ती पायरी कोणत्या जातीची हवी हे त्याच्याच पावलाने कळेल. आणि पायरी लावूनही त्याला चढता येत नसेल, तर त्या घराला तो ट्रक योग्य नव्हे, मग त्याच्या अंगाला कितीही देखणी नळी जडविलेली असो.